८० रुपयांचा हप्ता : भिवंडीचा परमुलखी विणकर आणि विमा

परमुलखात नव्याने आलेल्या माणसाने आधी आपल्या जिवाचा विमा उतरवावा, ही कल्पना भारतात दोनशे वर्षांहून जुनी आहे. १८१८ मध्ये कलकत्त्यात स्थापन झालेली ओरिएंटल लाइफ इन्शुरन्स कंपनी अशाच नवागतांसाठी होती. मात्र हे नवागत युरोपीय होते. एतद्देशीयांचा जीव विमा कंपन्यांच्या लेखी अधिक जोखमीचा, म्हणून त्यांच्याकडून जादा हप्ता घेतला जाई. १८७० मध्ये मुंबईत बॉम्बे म्युच्युअल ही संस्था उभी राहिली आणि तिने भारतीयांचा विमा सर्वसाधारण दराने उतरवण्यास आरंभ केला.

त्याच काळात मुंबईच्या ईशान्येस, कामवारी नदीकाठच्या भिवंडीत निराळेच नवागत स्थिरावत होते. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातील मोमीन विणकरांची कुटुंबे मुंबई-आग्रा रस्त्याने दक्षिणेकडे सरकली. काही मालेगावी थांबली, काही भिवंडीपर्यंत आली. विसाव्या शतकात हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि भिवंडीतील मागांची संख्या आणखी फुगली. या मागांवर उभा राहणारा कामगार बहुधा उत्तर प्रदेशातून वा बिहारमधून एकटा आलेला असे. मजुरी मीटरमागे, पाळी बारा तासांची, आणि बायकामुले मागे, ‘मुलुखात’.

धोटा उसळून डोळ्याला लागला तर? ताप महिनाभर हटला नाही तर? आणि माणूसच गेला तर घरी पैसे कोण पाठवणार?

कायद्याच्या पुस्तकात यांची उत्तरे होती. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून लागू झाला. कामावर अपघात झाल्यास मालकाने भरपाई द्यावी, असे तो सांगे. आजारपणासाठी प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये अहवाल दिला आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. या योजनेचा प्रारंभ २४ फेब्रुवारी १९५२ रोजी दिल्ली व कानपूर येथे झाला. म्हणजे ज्या उत्तर प्रदेशातून माणसे भिवंडीच्या वाटेला लागत होती, तेथीलच एका कापडनगरीत ती प्रथम अवतरली.

भिवंडीत मात्र गाडे एका आकड्यापाशी अडले. वीज वापरणाऱ्या आणि २० वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यालाच हा विमा लागू होता. १९८९ च्या दुरुस्तीने ही मर्यादा १० वर आली. एकाच छपराखालचे माग भावाच्या, मुलाच्या, पत्नीच्या नावे विभागले की प्रत्येक ‘कारखाना’ या मर्यादेच्या खाली राहतो. हजेरीपटावर नावच नसेल, तर भरपाईचा दावा तरी कोणावर लावायचा? १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा ठेकेदाराने आणलेल्या मजुरांसाठी होता, आणि भिवंडीचा विणकर येई तो चुलत्याचे वा गाववाल्याचे बोट धरून. प्रत्येक कायद्याने एक दार ठेवले होते. नवागत नेमका भिंतीपुढे उभा राही.

म्हणून त्याने निवडलेले संरक्षण वेगळे होते. भिवंडीत सामायिक खानावळीला ‘भिस्सी’ म्हणतात. तेथे महिन्याच्या हिशेबावर जेवण मिळते आणि हाताला काम नसेल त्या आठवड्यात उधारीही चालते. एखादा दगावला तर गाववाले वर्गणी काढून त्याला मुलुखी पोहोचवतात. याला विमा म्हणणे अतिशयोक्तीचे नाही. जोखीम वाटून घेणे हेच विम्याचे मर्म. उणीव इतकीच, की मंदीत सगळेच एकदम बेकार होत, आणि मग वाटून घ्यायला उरे ती केवळ जोखीम.

जुलै २००३ मध्ये केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाने आयुर्विमा महामंडळाच्या साहाय्याने यंत्रमाग कामगारांसाठी समूह विमा योजना आणली. पुढे स्थिरावलेल्या रचनेत वर्षाचा हप्ता ४७० रुपये होता. त्यातील २९० रुपये केंद्र सरकार भरे, १०० सामाजिक सुरक्षा निधीतून येत आणि कामगाराच्या वाट्याला ८० रुपये उरत. नैसर्गिक मृत्यूस ६०,००० रुपये, अपघाती मृत्यूस १,५०,०००, शिवाय नववी ते बारावीत शिकणाऱ्या दोन मुलांना साहाय्य. मुख्य म्हणजे कारखान्यात किती माणसे आहेत, यावर हे कवच अवलंबून नव्हते. मात्र साध्या तापाला त्यात जागा नव्हती.

आजाराचे कोडे अधिक बिकट, कारण आजारी पडणारी माणसे दोन ठिकाणी होती. २००८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेने त्यावर एक चतुर तोड काढली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला ३० रुपये भरून वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मिळत, आणि स्थलांतरितासाठी कार्ड विभागता येई : एक कुटुंबाजवळ, दुसरे परमुलखी गेलेल्याच्या खिशात. स्थलांतराचे वास्तव इतके नेमके ओळखणारी तरतूद विरळाच. याउलट २०१२ मध्ये आरंभ झालेली महाराष्ट्राची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्याच्या पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेवर चाले. भिवंडीत वीस वर्षे माग चालवलेल्या माणसाचे नाव गावाकडच्या शिधापत्रिकेवर असेल, तर तो येथे नवागतच ठरे.

९ मे २०१५ रोजी प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना आली : वर्षाला ३३० रुपये, मृत्यूनंतर वारसाला २ लाख. या वेळी अर्जात मालकाचे नाव विचारलेले नव्हते, शिधापत्रिकाही नव्हे. विचारले होते ते बँकेचे खाते, आणि ते पुष्कळदा मुलुखातल्याच शाखेत असे.