खेळाडूंच्या आहारात जांभळी द्राक्षे

बंगळुरू हे देशातील क्रीडा प्रशिक्षणाचे एक प्रमुख केंद्र आहे. भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या तेथील नेताजी सुभाष दक्षिण केंद्रात हॉकीसह अनेक खेळांची राष्ट्रीय शिबिरे होतात. याच शहराच्या परिसरात ‘बंगळूर ब्ल्यू’ ही गडद जांभळी द्राक्षे पिकतात. त्यांना २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

वनस्पतिशास्त्रानुसार द्राक्ष हे मृदुफळ, म्हणजेच बेरी होय. त्याच्या सालीला गडद रंग देणारे अँथोसायनिन हे द्रव्य ब्लूबेरी आणि जांभळातही आढळते. कठोर सरावात स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होऊन दाह निर्माण होतो. हा दाह आटोक्यात ठेवण्यास अशी द्रव्ये साहाय्यभूत ठरतात, असे मानले जाते.

न्यूझीलंडमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ब्लूबेरीचे पेय घेणाऱ्या महिलांच्या स्नायूंची शक्ती व्यायामानंतर अधिक लवकर पूर्ववत झाली. ब्राझीलमध्ये २८ दिवस जांभळ्या द्राक्षांचा रस घेणारे धावपटू थकण्यापूर्वी अधिक वेळ धावू शकले. तो अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही अभ्यासांतील सहभागींची संख्या मात्र अल्प होती.

फळांतील गुण गोळ्यांतून अधिक प्रमाणात घेतल्यास अधिक लाभ होतो, हा समज योग्य नाही. २००९ सालच्या एका संशोधनात रोज १,००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि त्यासोबत ई जीवनसत्त्व घेणाऱ्या तरुणांना व्यायामाचे काही चयापचयविषयक लाभ मिळाले नाहीत. सरावाशी जुळवून घेण्यासाठी शरीराला मिळणारे संकेत अशा मोठ्या मात्रेमुळे दबतात.

पूरक उत्पादनांत दुसरा धोकाही संभवतो. त्यांत प्रतिबंधित द्रव्याची भेसळ असल्यास आणि ते चाचणीत आढळल्यास त्याची जबाबदारी खेळाडूवरच येते. अजाणतेपणी घेतलेल्या गोळीमुळेही बंदी येऊ शकते. भारतात राष्ट्रीय उत्तेजक द्रव्य प्रतिबंधक संस्था, अर्थात नाडा, २००५ मध्ये स्थापन झाली.

शंभर ग्रॅम ताज्या द्राक्षांतून साधारण १७ ग्रॅम कर्बोदके मिळतात. प्रथिने मात्र एक ग्रॅमहूनही कमी असतात. म्हणूनच सरावानंतर द्राक्षांच्या जोडीला दूध, दही, उसळ किंवा अंडी असणे आवश्यक ठरते. महाराष्ट्रातील खेळाडूंना नाशिकची काळी द्राक्षे, तसेच हंगामात जांभळे आणि करवंदे सहज उपलब्ध असतात. पुरेशी झोप, पाणी आणि चौरस आहार यांची जागा मात्र कोणतेही फळ घेऊ शकत नाही.