धरणात गेलेली पणजोबांची वस्ती नेमकी कुठे होती? जुने नकाशे आणि सातबारा यातून ती अशी शोधता येते

उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी खूप खाली गेलं की इंदापूर तालुक्यातल्या जुन्या पळसदेवचं मंदिर उघडं पडतं. मग त्याचे फोटो आणि रील्स फिरू लागतात. त्याखाली कुणीतरी हमखास लिहितं, "आमची वस्ती इथंच होती."

पण इथंच म्हणजे नेमकं कुठं?

मंदिराला शिखर असतं, त्यामुळे ते दुरूनही ओळखता येतं. शेतात बांधलेलं चार खणांचं घर, गोठा आणि विहीर यांची खूण पाण्याखाली राहत नाही. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. तेव्हा विशीत असलेली माणसं आज पासष्टी ओलांडून गेली आहेत. म्हणजे वस्तीची जागा बोट दाखवून सांगणारी पिढी आता हळूहळू कमी होत चालली आहे.

कागद मात्र शिल्लक आहेत. ते कुठे असतात आणि कसे वाचायचे, ते पाहूया.

वस्तीचं नाव रेकॉर्डमध्ये का सापडत नाही?

शोध इथेच अडतो. घरात सगळे 'आंब्याची वस्ती' किंवा 'मळ्यातली वस्ती' म्हणतात, पण सरकारी दप्तराला हे नाव ठाऊक नसतं. दप्तर ओळखतं ते गाव आणि सर्व्हे नंबर. गावठाणाबाहेर शेतात बांधलेल्या घराला महसुली कागदांत सहसा वेगळी ओळख नसते. शेतकऱ्याचं शेतघर आणि खळं यांखालची जागा 'पोटखराबा, वर्ग अ' मध्ये धरली जाते.

त्यामुळे पहिलं काम म्हणजे वस्तीच्या नावावरून सर्व्हे नंबर काढणं.

इथे एक छोटी मदत होते. गाव नमुना ७ मध्ये 'शेताचे स्थानिक नाव' असा एक रकाना असतो. तो बऱ्याचदा कोराच असतो. पण भरलेला असेल, तर आजी सांगायची तेच नाव तिथे मिळू शकतं.

सुरुवात कुठून करायची?

आजच्या कागदापासून सुरुवात करायची आणि मागे मागे जायचं.

१. भूसंपादनाचा निवाडा: धरणासाठी जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली घेतली गेली. त्यात कलम ४ ची अधिसूचना, कलम ६ ची घोषणा आणि कलम ११ चा निवाडा असे टप्पे असतात. निवाड्यात सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि कुणाला किती मोबदला ठरला हे येतं. घर, विहीर आणि झाडं यांचं मूल्यांकन केलेलं असेल, तर तेही सापडतं. हा कागद जिल्हाधिकारी कार्यालयाच्या भूसंपादन किंवा पुनर्वसन शाखेत मागायचा. घरातल्या जुन्या ट्रंकेत मोबदल्याची नोटीस आहे का, ते त्याआधी बघा.

२. फेरफार (गाव नमुना ६): जमीन कुणाकडून कुणाकडे गेली, त्या प्रत्येक बदलाची नोंद इथे होते. सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेले आकडे म्हणजे फेरफार क्रमांक. संपादनाचा फेरफार मिळाला की त्याआधीचा वारसाचा, त्याआधीचा वाटणीचा असं मागे जाता येतं.

३. जुना सातबारा: तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळतो. अनेक जिल्ह्यांतले जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन होऊन 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावरही आले आहेत.

सर्व्हे नंबर आणि गट नंबरचा घोळ

१९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्यानंतर अनेक गावांत लहान तुकडे एकत्र करून गट पाडले गेले. तिथे जुना सर्व्हे नंबर गेला आणि नवा गट नंबर आला. आजोबा सांगतात तो नंबर जुना आणि तुम्ही ऑनलाइन शोधता तो नवा, असं झालं की भलत्याच माणसाची जमीन समोर येते.

यावरचा उपाय म्हणजे एकत्रीकरण योजनेचं पत्रक. कोणता सर्व्हे नंबर कोणत्या गटात गेला, हे त्यात असतं. ते तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मागायचं.

जुने कागद वाचताना

जुन्या नोंदींत आडनाव नसणं अगदी सामान्य आहे. काही शब्द आणि खुणा लक्षात ठेवा:

- बिन: अमक्याचा मुलगा. 'रामा बिन गोविंदा' म्हणजे गोविंदाचा मुलगा रामा.
- कोम: अमक्याची बायको.
- ए.कु.मॅ.: एकत्र कुटुंब मॅनेजर. एकाच भावाचं नाव दिसलं म्हणून जमीन त्याच्या एकट्याची होती असं नाही.
- अ.पा.क.: अज्ञान पालनकर्ता. जमीन लहान मुलाच्या नावावर होती आणि कारभार मोठं माणूस बघत होतं.
- शके: यात ७८ मिळवले की साधारण इसवी सन मिळतो.

त्याहून जुने कागद मोडी लिपीत असतात. मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचकांची गरज सगळ्यांनाच कळली. त्या वेळी चर्चेत आलेलं 'कोतवाल बुक' म्हणजे गाव नमुना १४, गावातल्या जन्ममृत्यूंची नोंदवही. पणजोबा नेमक्या कोणत्या गावचे होते हेच ठाऊक नसेल, तर ती उपयोगी पडते.

नकाशावर जागा कशी ठरवायची?

इंदापूरकरांकडे इथे एक खास गोष्ट आहे. मुंबई इलाख्यातली महसुली मोजणी आधी प्रिंगल या अधिकाऱ्याने करून पाहिली, पण सारा जास्त बसल्याने ती फसली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये नव्या पद्धतीने काम सुरू केलं, ते इंदापूर तालुक्यातूनच. पुढे इलाखाभर तीच पद्धत गेली.

या मोजणी पद्धतीतून आलेले दोन कागद आपल्या कामाचे आहेत. गावनकाशात सगळे सर्व्हे नंबर, ओढे, वाटा आणि गावठाण दिसतं. टिपण म्हणजे एकेका शेताचं मोजमापासह काढलेलं रेखाचित्र. त्यात अंतरं साखळी आणि आण्यांत असतात. एक साखळी म्हणजे ३३ फूट, म्हणजेच १६ आणे. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर.

आता हा गावनकाशा आजच्या नकाशावर बसवायचा:

- गावनकाशाची स्कॅन प्रत गूगल अर्थ प्रो किंवा क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये घ्या.
- दोन्हीकडे दिसणाऱ्या किमान चार खुणा जुळवा. उदाहरणार्थ जुनं मंदिर, टेकडी, न बुडालेल्या शेताचा कोपरा, शेजारच्या गावाची शीव. नदीचा काठ खूण म्हणून धरू नका, धरणामुळे तो बदललेला आहे.
- मग सर्व्हे ऑफ इंडियाच्या धरणापूर्वीच्या टोपोशीटशी ताडून बघा. त्यात विहिरी, देवळं आणि बैलगाडीच्या वाटाही दाखवलेल्या असतात.
- अमेरिकेच्या कोरोना हेरगिरी उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात काढलेली छायाचित्रं १९९५ मध्ये खुली झाली. ती अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर शोधता येतात. त्या भागाचं स्पष्ट छायाचित्र मिळालं, तर पाण्याआधीचे बांध आणि मळे त्यात दिसू शकतात.

टिपण, टोपोशीटवरची विहीर आणि छायाचित्रातला ठिपका हे तिन्ही एकाच जागी आले, तर वस्ती सापडली असं मानायला हरकत नाही. एकाच पुराव्यावर मात्र जागा ठरवू नका.

'रेकॉर्ड सापडत नाही' असं उत्तर आलं तर?

तोंडी उत्तरावर थांबू नका. नकलेचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. माहिती अधिकार कायदा, २००५ नुसार कागदपत्रं प्रत्यक्ष तपासण्याचाही हक्क आहे. त्यामुळे 'नक्कल द्या' याऐवजी 'अभिलेख पाहू द्या' असा अर्ज करता येतो. एक नोंदवही फाटलेली असली, तरी तीच माहिती दुसऱ्या कार्यालयाच्या कागदात असू शकते.

हा शोध फक्त आठवणींसाठी नाही. प्रकल्पग्रस्त दाखला, राहिलेली पुनर्वसनाची जमीन, जातीचा पुरावा, वारसा हक्क अशा कामांत हेच कागद लागतात.

आधी घरात विचारा

कार्यालयातले कागद पुढच्या वर्षीही मिळतील. घरातली म्हातारी माणसं तेव्हा असतीलच असं नाही. म्हणून त्यांच्याशी आधी बोला आणि फोनवर रेकॉर्ड करा. वस्ती कुठे होती, एवढंच विचारून भागणार नाही. शेजारी कुणाचं शेत होतं, विहिरीत वाटा कुणाकुणाचा होता, ओढा कोणत्या बाजूला होता, बाजाराला कोणत्या वाटेने जायचात, हे विचारा. शेजाऱ्याचं एक नाव कळलं तरी त्याच्या सातबाऱ्यावरून आणि गावनकाशावरून तुमचा सर्व्हे नंबर शोधता येतो.

आणि जागा सापडली की तिचे अक्षांश-रेखांश वस्तीच्या नावासह लिहून ठेवा. ते नाव कदाचित दुसऱ्या कुठल्याच कागदावर नसेल.