उतारू : पनवेल बंदरापासून आजच्या क्रूझपर्यंत

प्रवाशासाठी मराठीत ‘उतारू’ हा एक जुना आणि मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. नदी उतरणे म्हणजे पलीकडच्या काठाला जाणे, आणि जेथून ती पायी ओलांडता येते ती जागा म्हणजे उतार. ज्या लोकांनी हा शब्द घडवला, त्यांना प्रवासातील खरी अडचण कोठे असते हे नेमके ठाऊक होते. नावेत बसणे फारसे कठीण नाही. कठीण असते ते तिच्यातून सुखरूप आणि कोरड्या पायांनी पलीकडे उतरणे.

या शब्दाची आठवण होण्यास एक निमित्त घडले. मुंबईहून ‘आंग्रिया’ २०१८ साली गोव्याकडे निघू लागली, २०२१ पासून ‘कॉर्डेलिया’ची जहाजे सुरू झाली, आणि आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबेही लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला किंवा नाताळच्या सुट्टीत क्रूझवर जाऊ लागली. जाण्यापूर्वी त्यांच्यात जी चर्चा चालते ती ऐकण्यासारखी असते. खोली कोणत्या मजल्यावर घ्यावी? बोट लागेल का? जेवण आपल्या पसंतीचे मिळेल का? जहाज बंदरात शिरले नाही, तर काठावर कसे जायचे? प्रश्न नवे वाटतात, परंतु यांतील जवळजवळ प्रत्येक प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी पनवेलच्या बंदरावर विचारला जात होता. त्या बंदराची ओळख आज पनवेलकरांनाही पुरती राहिलेली नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

रेल्वे येण्यापूर्वी मुंबईहून पुण्यास जाणारी सर्वांत सोयीची वाट पनवेलवरून जात असे. मुंबई हे बेट. तेथून मचव्यात बसायचे, बंदर ओलांडून पनवेलच्या खाडीत शिरायचे, पनवेलला उतरायचे आणि मग खोपोलीवरून बोरघाट चढायचा. १७७८ च्या नोव्हेंबरात राघोबादादाला गादीवर बसविण्यासाठी निघालेली मुंबईकर इंग्रजांची फौज याच बंदरावर उतरली होती. पुढे जानेवारी १७७९ मध्ये वडगावला तिची काय अवस्था झाली, हे आपण शाळेत शिकलो आहोत. १८२५ च्या पावसाळ्याच्या तोंडी कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप रेजिनाल्ड हेबर पुण्यास गेले तेही याच वाटेने. पुढच्याच वर्षी त्रिचनापल्लीस त्यांचा अंत झाला आणि त्यांचे प्रवासवर्णन मरणोत्तर, १८२८ मध्ये, प्रसिद्ध झाले. बिशप असोत वा बैरागी, खाडीतून जाताना सर्वांचा धनी एकच असे : भरती.

पनवेलची खाडी ओहोटीला गाळाने उघडी पडते. त्यामुळे मुंबईहून निघायचे ते भरतीच्या ओघाबरोबर आणि परतायचे ते ओहोटीबरोबर. ‘गाडी किती वाजता सुटते?’ या आजच्या प्रश्नाच्या जागी तेव्हा ‘आज तिथी कोणती?’ हा प्रश्न असे. आपल्या कोळी बांधवांपाशी यासाठी एक साधा हिशेब आहे, आणि तो आजही चालतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. आता याचा अर्थ उतारूच्या दृष्टीने पाहा. अमावास्येला सकाळी निघालेला मनुष्य दुपारी बाराच्या सुमारास पनवेलला लागे आणि दिवसाउजेडी पुढची मजल गाठू शके. अष्टमीला निघालेला सायंकाळी सहाला पोचे, आणि मग त्याला मुक्कामाची सोय पाहावी लागे. शिवाय अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, पाणी भरपूर चढते. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास भांग असतो, पाणी बेताचे. भरलेला मचवा भांगाच्या दिवसांत चिखलात रुतून बसला, तर पुढच्या भरतीपर्यंत ऊन खात बसण्यावाचून उपाय नसे. पंचांग हेच त्या काळचे वेळापत्रक होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

चिखलाचा प्रश्न केवळ पनवेलचा नव्हता. मुंबईतही पडावातून उतरणाऱ्याला गुडघाभर पाण्यातून आणि रेंद्यातून चालत यावे लागे. स्त्रिया, म्हातारी माणसे व आजारी यांचे हाल तर विचारूच नयेत. ही गैरसोय पाहून लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, म्हणजे लोकांचे भाऊ रसूल, यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शहराचा केरकचरा भरावासाठी वापरून धक्का बांधला. हाच भाऊचा धक्का. माझगावला आज ज्याला आपण त्या नावाने ओळखतो, तो पुढे बांधलेला. मूळ धक्का चिंचबंदर-कर्नाक बंदराच्या बाजूस होता. जागा बदलली तरी लोकांनी नाव सोडले नाही. पाय कोरडे ठेवून उतरण्याची सोय करणाऱ्याला उतारू विसरले नाहीत, हे मला फार बोलके वाटते. त्या काळच्या किती गव्हर्नरांची नावे आज मुंबईच्या सामान्य माणसाच्या तोंडी आहेत?

गव्हर्नरांपैकी एकाचे नाव मात्र पनवेलच्या इतिहासात घेतलेच पाहिजे. सर जॉन माल्कम यांनी नोव्हेंबर १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला. तोवर घाट चढायचा तो पायी, घोड्यावर किंवा पालखीत. आता चाके थेट वर जाऊ लागली, आणि पनवेलचे भाग्य उघडले. मचव्यातून उतरलेला माल आणि माणसे पुढे नेण्यासाठी गाड्या हव्या होत्या. त्या बांधण्याचा धंदा गावात इतका वाढला की, विसाव्या शतकाच्या आरंभीच्या सरकारी गॅझेटियरातही पनवेलच्या हमरस्त्यावरील घराघरांत बैलगाडीचे सुटे भाग जोडणीसाठी तयार असतात, अशी नोंद आहे. तांदूळ आणि मीठ यांचा व्यापार होताच. १८४९ मध्ये येथील बेने इस्राएल समाजाने आपले ‘बेथ एल’ सभास्थान बांधले आणि १८५२ मध्ये गावाला नगरपालिका मिळाली. आपल्या राज्यातील अगदी आरंभीच्या नगरपालिकांपैकी ती एक. पुढच्याच वर्षी बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी धावली, १८५६ मध्ये ती खोपोलीला पोचली आणि १८६३ मध्ये बोरघाट चढून गेली. पुण्याच्या उतारूला आता पनवेलला उतरण्याचे कारण उरले नाही. गावाला वैभव देणारी वाट अवघ्या तेहेतीस वर्षांत बाजूस पडली.

तरीही खुद्द कुलाबा जिल्ह्याच्या माणसाला पाण्याची वाट सुटली नाही. वाशीजवळचा खाडीपूल १९७३ मध्ये झाला. तोपर्यंत पनवेलहून मोटारीने मुंबईस जायचे म्हणजे ठाण्याला वळसा. उरण, रेवस, अलिबाग आणि त्याखालचा सारा कोकण यांची मुंबईशी असलेली नाळ बोटीचीच होती. फरक पडला तो एवढाच की, शिडाच्या मचव्याच्या जोडीला आगबोट आली.

या आगबोटींच्या इतिहासात आपल्या समाजाला आवडेल असा एक तपशील आहे. किनाऱ्यावरील परक्या कंपन्यांशी स्पर्धा करण्यासाठी देशी भांडवलावर ‘इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन’ ही कंपनी निघाली. लोक तिला प्रेमाने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. उतारूंच्या श्रद्धेचा मान राखून तिने बोटींना संतांची नावे दिली. त्यांत तुकाराम आणि रामदास होते, तसेच सेंट अँथनी आणि सेंट झेवियरही होते. गोव्याहून नोकरीसाठी येणारी आणि धोबीतलावच्या ‘कूडां’त राहणारी आपली माणसे, मे महिन्यात गावच्या सणाला निघालेली कुटुंबे, हे सारे त्या काळचे उतारू.

त्या बोटींवरचे जीवन ज्यांनी अनुभवले ते अजून आपल्यात आहेत. त्यांना विचारा, डोळे चमकतात. बहुसंख्य लोक डेकवरचे. धक्क्याचे दार उघडताच धावत सुटायचे आणि सतरंजी पसरून जागा धरायची. ज्याची वळकटी आधी उलगडली त्याची जागा. इंजिनाजवळ ऊब आणि तेलाचा वास, कठड्याजवळ वारा आणि शिंतोडे. म्हणून जाणते लोक बोटीच्या मधोमध बसत, कारण तेथे डोलणे कमी. क्रूझवर खोली निवडताना आजही हाच सल्ला देतात. मराठीत ‘बोट लागली’ या शब्दांचे दोन अर्थ होतात, धक्क्याला लागली आणि पोटाला लागली. दुसऱ्या अर्थावर आलेपाक, आवळासुपारी आणि लिंबू ही औषधे. जेवण घरचे : दशम्या, चटणी, तळलेली मासळी. मालवण, देवगड, विजयदुर्ग अशा ठिकाणी बोट दूर उभी राही आणि पडाव तिच्या कुशीला येऊन भिडत. लाट वर येईल तेव्हा पडावात पाय टाकायचा, पोर आधी खाली द्यायचे, मग ट्रंक. आजच्या क्रूझही उथळ बंदराबाहेर नांगर टाकतात आणि लहान नावांतून प्रवाशांना काठावर नेतात. तेथे हात धरायला गणवेशातील माणूस असतो, हा फरक.

पावसाळ्यात, मे अखेरपासून, कोकण किनाऱ्याची ही वाहतूक बंद राही. परंतु मुंबई बंदराच्या आसपासच्या लहान फेऱ्या चालू असत, आणि येथेच आपल्याला त्या प्रश्नाकडे यावे लागते जो उतारू सर्वांत शेवटी विचारतो, किंवा विचारतच नाही.

१७ जुलै १९४७, आषाढी अमावास्येचा सुमार. स्वातंत्र्याला एक महिनाही उरला नव्हता. सकाळी आठ वाजता ‘रामदास’ भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. पाऊस, वारा आणि अमावास्येचे उधाण. बाजूंच्या ताडपत्र्या पावसासाठी खाली सोडलेल्या. काशाच्या खडकाजवळ मोठ्या लाटेने बोट कलंडली, घाबरलेले लोक एकाच बाजूस धावले आणि अर्ध्या तासापूर्वी सुटलेली बोट काही क्षणांत उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. मुंबईत ही वार्ता समजायला दुपार उलटून सायंकाळ झाली, कारण ती सांगायला बोटीवर साधनच नव्हते. पोहत काठाला लागलेल्यांनी ती आणली. अनेकांना वाचविले ते रेवसच्या कोळ्यांनी, आपल्या मासळीच्या होड्या वळवून. याच कंपनीच्या ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी वीस वर्षांपूर्वी, ११ नोव्हेंबर १९२७ ला, एकाच दिवशी वादळात बुडाल्या होत्या.

‘रामदास’वर नेमके किती लोक होते? कागदोपत्रीचे आकडे आणि लोकांत सांगितले जाणारे आकडे जुळत नाहीत, कारण तिकीट न काढता चढलेलेही काही होते. प्रेषितांच्या कृत्यांत संत पौलाच्या जहाजाची हकीकत आहे. वादळात सापडलेल्या त्या जहाजावर एकूण दोनशे शहात्तर माणसे होती, असे लूक मोजून सांगतो. पौल सर्वांना आधी जेवून घ्या म्हणतो, आणि मग जहाज फुटले तरी एकूण एक माणूस माल्टाच्या किनाऱ्याला लागतो. गुरुविद्यालयात हा उतारा शिकताना त्या आकड्याकडे आमचे फारसे लक्ष जात नसे. ‘रामदास’विषयी वाचल्यावर मात्र तो आकडाच मनात राहतो. ज्यांची मोजदाद झालेली नसते, त्यांचा शोध कोणी आणि कधी थांबवायचा?

जगाने हा धडा हप्त्याहप्त्याने गिरवला. ‘टायटॅनिक’ १९१२ मध्ये बुडाली, तेव्हा साऱ्यांना पुरतील इतक्या जीवनौका तिच्यावर नव्हत्या. त्यानंतर १९१४ मध्ये सागरी सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ ही प्रचंड क्रूझ खडकावर आपटून बत्तीस जण दगावले. नव्याने चढलेल्या अनेकांची संकटकाळची तालीम तोवर झालीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे ती चोवीस तासांच्या आत घेतली तरी चालत असे. २०१५ पासून ती जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले. क्रूझवरून परतलेली मंडळी जेवणाचे, नाचगाण्याचे वर्णन रंगवून करतात आणि या तालमीचा उल्लेख कंटाळवाणा अर्धा तास म्हणून करतात. आपली जमण्याची जागा कोणती होती, असे मी एक-दोघांना विचारले. आठवत नव्हते.

पनवेलला आता उतारू पाण्याने येत नाही. अटल सेतू जानेवारी २०२४ पासून शिवडीहून उरण तालुक्यात उतरतो, उलव्याच्या बाजूस विमानतळ झाला आहे. परंतु बंदर तेच आहे आणि त्यातील पाणीही तेच. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली आणि दहाहून अधिक माणसे प्राणास मुकली. बोट भरलेली होती, दिवस निरभ्र होता, आणि बहुतेक प्रवाशांच्या अंगावर जीवरक्षक जॅकेट नव्हते. दुसऱ्या दिवसापासून गेटवेवर प्रत्येकाला ते बांधूनच बोटीत बसविण्यास सुरुवात झाली.