चौदा किलोमीटरचा दगड

संभाजीनगरहून पैठणला निघालं की बिडकीनच्या अलीकडं चितेगाव लागतं. कंपनी यायच्या आधी, पाव्हणेरावळे सोडले तर, मुद्दाम इथं कुणी उतरल्याचं आजीला आठवत नाही. तिचं माहेर-सासर दोन्ही इथलंच, त्यामुळं तिच्या सगळ्या गोष्टी या रस्त्यावरच घडतात.

फाल्गुनात नाथषष्ठीच्या दिंड्या जायच्या, तेव्हा घराघरांतून पिठलं-भाकरी निघायची. रझाकारांच्या दिवसांत मात्र रस्त्यावर धुरळा दिसला की बायका पोरींना घेऊन ज्वारीच्या उभ्या पिकात शिरायच्या. जमिनीचे कागद उर्दूत, नाणं हाली; कागद वाचून घ्यायचा तर पटवाऱ्याच्या दारात बसून राहायचं. १७ सप्टेंबर १९४८ला निजाम शरण आला. आजी तारीख सांगत नाही. "ॲक्शन झाली अन् आम्ही पिकातून भाईर आलो," एवढंच म्हणते.

बहात्तरच्या दुष्काळाबद्दल मात्र तिला थांबवावं लागतं. दुष्काळी कामावर ती खडी फोडायला होती. थोरलं पोर सावलीला, धाकटं पाठीशी. खायला सुकडी, नाहीतर अमेरिकेतून आलेली लाल मिलो. "ती भाकरी थापताना फुटायची, अन् खाल्ली की पोटात दगड." या रस्त्यावरून जाताना ती अजून खाली बघते, जणू आपली खडी तिला ओळखू येणार आहे.

तिकडं पैठणला धरणाचं काम चालूच होतं. १९६५ला लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केलेलं जायकवाडी १९७६ला इंदिराबाईंच्या हस्ते सुरू झालं. त्याचं पाणी जलवाहिनीतून शहराकडं निघालं, तेही याच रस्त्यानं. आजी म्हणते, "आमच्या दारावरून गेलं, बाबा. घागर मात्र हिरीवरच."

मग ऐंशीच्या दशकात व्हिडिओकॉन आली. कंपनीच्या कागदोपत्री पत्त्यात चितेगावाआधी चौदा किलोमीटरचा दगड! ज्या दगडाला आम्ही म्हशी बांधायचो, तो देशभरच्या कागदांवर छापून गेला. नांगर धरणारी पोरं शिफ्ट, ओटी, पीएफ बोलू लागली. गोठ्यांच्या भाड्याच्या खोल्या झाल्या. चुलता रंगीत टीव्हीच्या कारखान्यात, आणि १९८७ला 'रामायण' आम्ही बघितलं ते शेजारच्या ब्लॅक अँड व्हाइटवर. आजी चप्पल बाहेर काढून, पदर डोक्यावर घेऊन बसायची.

२०१८ला कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. चुलता तोवर निवृत्त झालेला. त्याच्या मागून लागलेली पोरं कुणी वाळूजला गेली, कुणी रिक्षा घेतली. खोल्यांना कुलपं लागली.

आता चहाच्या टपरीवर बिडकीनच्या औद्योगिक वसाहतीची चर्चा असते. २०२४ला टोयोटानं सरकारशी करार केल्यापासून धाकट्या नातवाच्या तोंडी दुसरा विषय नाही. परवा तो आजीला गाड्यांचं समजावून सांगत होता. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"जेवायला सुटी किती वेळाची देत्यात?"