कॅम्प ५चा पत्ता

आमच्याकडे येणाऱ्या पाकिटावर आधी बॅरेक नंबर, मग सेक्शन, मग उल्हासनगर-५. हे आकडे दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावण्यांचे. फाळणीनंतर सिंधी निर्वासित इथे आले, १९४९ला गावाला नाव मिळालं, आकडे तेच राहिले. आजोबा पोस्टमन होते. नुसतं 'कल्याण कॅम्प' लिहिलेलं पत्र घेऊन ते पाचही कॅम्प हिंडायचे.

ईमेलचंही तसंच. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांना खुलं केलं. मुंबईकराच्या पत्त्यात @नंतर आधी 'जीआयएएसबीएम०१', मग 'व्हीएसएनएल', 'नेट', 'इन'. मोठ्या डोमेनच्या पोटात शहराचं धाकटं डोमेन. (फोनवर कुणाला सांगून बघा!)

मी आज एक्स्चेंजवर हेच काम करते. मेल सर्व्हर मुख्य डोमेनमध्ये, शाखेतली माणसं चाइल्ड डोमेनमध्ये. तिथे सर्व्हर नसला तरी आधी 'प्रिपेअर डोमेन' चालवावं लागतं. तेव्हाच मुख्य सर्व्हरला तिथल्या खात्यांत नोंद करायचे हक्क मिळतात. एकदा मी ही पायरी गाळली. माणसं होती, पासवर्ड होते, मेलबॉक्स काही देता येईना. दुपारपर्यंत मी सर्व्हरलाच दोष देत होते. मग आजोबांची ती पत्रं आठवली.