उसन्या मोटारीतून ब्रिस्टलला

ऑगस्टचा पहिला आठवडाअखेर जवळ आला, की अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यात, हिल्टन्स नावाच्या लहानशा गावाकडे मोटारी वळू लागतात. कोणी शेजारच्या टेनेसीतून येतं, कोणी आणखी लांबून. त्यात जोडपी पुष्कळ. डोंगराच्या कुशीतल्या छपराखाली बसायचं, गिटार, बँजो आणि फिडल ऐकायचं, पाय थांबेनासे झाले की पुढे जाऊन नाचायचं आणि घरी परतायचं. या उत्सवाचं नाव ‘कार्टर फॅमिली मेमोरियल फेस्टिव्हल’.

तो नेमका ऑगस्टच्या सुरुवातीलाच का भरतो, हे समजून घ्यायचं तर आपल्याला १९२७ सालच्या दुसऱ्या एका प्रवासाकडे जायला हवं. तोही एका जोडप्याचाच प्रवास होता, तोही रविवारी सुरू झाला होता, आणि तोही गाण्यासाठीच होता.

अमेरिकेच्या पूर्वेकडच्या अ‍ॅपलेशियन डोंगरात इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडहून आलेल्या लोकांनी आपापली कथागीतं आणली होती. त्यांत चर्चमधली भजनं मिसळली, कृष्णवर्णीयांचा ब्लूज मिसळला. बँजो हे वाद्यसुद्धा मुळात आफ्रिकी वंशाच्या गुलामांनी घडवलेलं. अंगणात, चर्चमध्ये, लग्नकार्यात ही गाणी चालत. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्यांसारखीच ती. कर्ता कोण, असं कोणी विचारत नसे.

पुढे ग्रामोफोन कंपन्यांच्या ध्यानात आलं, की खेड्यातल्या माणसाला खेड्यातलं गाणं विकत घ्यायला आवडतं. १९२५ पासून विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आलं. भोंग्यासमोर ओरडून गाण्याची गरज संपली. मायक्रोफोन हळुवार आवाजही टिपू लागला. शिवाय ही यंत्रसामग्री गावोगावी नेता येत होती. व्हिक्टर कंपनीसाठी राल्फ पीअर हा गृहस्थ ती घेऊन १९२७ च्या जुलैत ब्रिस्टलला आला. हे गाव मोठं गमतीदार आहे. भर बाजारातल्या स्टेट स्ट्रीटच्या मधोमध दोन राज्यांची सीमारेषा जाते. एका फुटपाथवर व्हर्जिनिया, समोरच्या फुटपाथवर टेनेसी. टेनेसीच्या बाजूला टोप्यांच्या एका कंपनीची इमारत होती. तिथे पीअरने स्टुडिओ थाटला. एका स्थानिक गायकाला ध्वनिमुद्रिकांतून गेल्या वर्षी ३,६०० डॉलर मिळाले, अशी बातमी गावच्या वर्तमानपत्रात झळकली आणि डोंगरातून माणसांची रीघ लागली.

ब्रिस्टलपासून सुमारे ४० किलोमीटरवर मेसेस स्प्रिंग या वस्तीत ए. पी. कार्टर आणि त्याची बायको सारा राहत होती. १९१५ साली त्यांचं लग्न झालं होतं. तो फळझाडांची रोपं विकत हिंडायचा. सारा ऑटोहार्प हे तारांचं वाद्य मांडीवर घेऊन गायची. तिचा आवाज खोल आणि ठाम होता. साराची नात्यातली बहीण मेबेल ही ए. पी.च्या भावाची बायको. वय अवघं अठरा, पण गिटारवर विलक्षण हात. ए. पी.ने ठरवलं, तिघांनी ब्रिस्टलला जायचं. आपलं गाणं ऐकायला कोणी पैसे मोजेल, यावर साराचा विश्वास नव्हता म्हणतात. मेबेलला दिवस गेलेले होते. तिचा नवरा तिला धाडायला नाखूश होता. मोटारही त्याचीच. शेवटी त्याच्या मक्याच्या शेतातलं तण काढून देण्याच्या बोलीवर ए. पी.ने मोटार आणि मेबेल या दोघांसाठीही होकार मिळवला, असं त्या घरात सांगितलं जातं.

३१ जुलै, रविवार. मोटारीत तिघं मोठी माणसं, वाद्यं, साराचं तान्हं बाळ आणि ते सांभाळायला आठ वर्षांची थोरली मुलगी. कच्चा रस्ता, वाटेत नदी, उन्हाने तापून बसलेलं टायर. आज तासाभरात संपणाऱ्या या वाटेला त्यांचा जवळजवळ सारा दिवस गेला.

१ ऑगस्टच्या संध्याकाळी त्यांनी चार गाणी गायली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी दोन. त्या सकाळी ए. पी. स्टुडिओत नव्हताच. पीअरने साराला एकटीला गायला लावलं. गाण्याचं नाव ‘सिंगल गर्ल, मॅरिड गर्ल’. बिनलग्नाची मुलगी नटूनथटून हवं तिथे जाते आणि लग्न झालेली पाळण्याशी बांधलेली राहते, असा त्याचा आशय. गाणारी बाई अंगावर पाजणाऱ्या बाळाची आई, आणि साथ करणारी सात-आठ महिन्यांची गरोदर. साराला ते गाणं मुळीच आवडत नसे. पण लोकांनी ती तबकडी उचलून धरली.

गाण्यामागे ५० डॉलर, म्हणजे सहा गाण्यांचे ३०० डॉलर त्यांना मिळाले. शेतकरी घराला ही रक्कम मोठी होती. पण खरा व्यवहार वेगळाच होता. पीअरचा डोळा गाण्यांच्या हक्कांवर होता. हक्क नोंदवायचे तर गाणं नवं हवं, किंवा कोणाच्या नावावर नसलेलं जुनं हवं. त्यामुळे ए. पी. जुन्या गाण्यांच्या शोधात डोंगर पालथे घालू लागला. मिळेल ते गाणं उतरवायचं, डागडुजी करायची आणि मुद्रित करायचं. तबकडीवर बहुतेक वेळा कर्ता म्हणून नाव येई ते एकट्या ए. पी. कार्टरचं.

या भटकंतीत त्याच्या बरोबर असायचा लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक. ए. पी. शब्द लिहून घेई आणि रिडल चाल डोक्यात साठवून आणी. मेबेलनेही त्याच्याकडून पुष्कळ उचललं. अंगठ्याने खालच्या जाड तारांवर चाल वाजवायची आणि बोटांनी वरच्या तारांवर ताल धरायचा, ही तिची पद्धत पुढे अमेरिकेतल्या असंख्य वादकांनी गिरवली. रिडलचं नाव मात्र त्या तबकड्यांवर नाही. १९६० च्या दशकात लोकसंगीताचे अभ्यासक त्याच्यापर्यंत पोचले, तेव्हा कुठे त्याचं योगदान उजेडात आलं.

आणि घरी? नवरा गाण्यांच्या मागे आठवडेच्या आठवडे बाहेर. मुलं, शेत, चूल साराच्या गळ्यात. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती वेगळी राहू लागली. पुढे घटस्फोट झाला आणि १९३९ मध्ये तिने ए. पी.च्याच चुलतभावाशी लग्न केलं. तरीही ही तिघं एकत्र गात राहिली! मेक्सिकोच्या हद्दीतल्या एका जबरदस्त ताकदीच्या रेडिओ केंद्रावरून घर, आई आणि चुलीच्या उबेची त्यांची गाणी दूरदूर ऐकली जात होती. ऐकणाऱ्यांना वाटे, हे एक सुखी, देवभोळं कुटुंब आहे. १९४३ मध्ये मूळचा संच विसर्जित झाला.

म्हणून मला वाटतं, कंट्री संगीताच्या या जन्मकथेकडे नुसत्या कौतुकाने पाहू नये. ब्रिस्टलला १९९८ साली अमेरिकी काँग्रेसने कंट्री संगीताची जन्मभूमी म्हणून मान्यता दिली, २०१४ मध्ये तिथे संग्रहालयही उभं राहिलं. मान रास्तच आहे. पण घराची आठवण जागवणारी ही गाणी जमवता जमवता ज्याचं त्याचं घर उसवत होतं, हेही त्याच इतिहासाचं पान आहे. ए. पी.ची धडपड नसती तर ती उसनी मोटार निघालीच नसती, हे खरं. पण साराचा आवाज, मेबेलची बोटं आणि रिडलची स्मरणशक्ती नसती, तर ब्रिस्टलला पोचून काय झालं असतं?

ए. पी. १९६० मध्ये वारला. हे संगीत टिकवण्याचं वचन त्याच्या मुलीने, जॅनेटने, त्याला दिलं होतं. १९७४ मध्ये तिने वडिलांच्या जुन्या दुकानात शनिवारचे कार्यक्रम सुरू केले आणि १९७६ मध्ये शेजारीच ‘कार्टर फोल्ड’ हे सभागृह उभं राहिलं. मेबेलचा जावई आणि प्रख्यात गायक जॉनी कॅश याने ५ जुलै २००३ रोजी अखेरचं जाहीर गायन केलं, ते याच मंचावर. जॅनेट २००६ मध्ये गेली. गाणं चालू राहिलं.

गाण्याला दाद मिळावी म्हणून एके काळी या खोऱ्यातल्या माणसांना भावाचं तण काढून मोटार मागावी लागली होती. आता माणसं आपापल्या मोटारी घेऊन त्या खोऱ्यात येतात. तिथे टाळ्या वाजवताना तबकडीवर न छापलेली नावंही कोणाच्या ओठांवर आली, तर तो प्रवास खऱ्या अर्थाने पुरा झाला असं म्हणता येईल.