होडी, घड्याळ आणि संगणकावरचा नकाशा

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. तरीही मराठ्यांच्या आरमाराच्या इतिहासात साताऱ्याचे नाव येतेच. बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने कान्होजी आंग्रे शाहू छत्रपतींच्या पक्षाला मिळाले आणि त्यांची सरखेली कायम झाली. समुद्र कोकणात, गादी घाटावर! आज या दोन जिल्ह्यांत होडी दिसते ती कोयनेच्या शिवसागरात, आणि कृष्णेला पूर आला की गावाच्या गल्लीतसुद्धा. त्या होडीला वाट कोण दाखवणार, हा आजचा विषय.

नावाड्याला दोन प्रश्न पडतात. मी कुठे आहे? आणि माझ्या खाली, माझ्या पुढे काय आहे? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकाशात असते. पहिल्याचे उत्तर माणसाने शेकडो वर्षे आकाशात शोधले.

साताऱ्याहून ध्रुवतारा क्षितिजापासून साधारण साडेसतरा अंशांवर दिसतो, कारण साताऱ्याचे अक्षांश जवळजवळ तेवढेच आहेत. उत्तर-दक्षिण स्थान असे ताऱ्यावरून कळे. पूर्व-पश्चिम स्थानासाठी मात्र अचूक घड्याळ लागते. साताऱ्यात सूर्य डोक्यावर येतो तेव्हा आपल्या घड्याळात बारा नव्हे, सुमारे साडेबारा वाजलेले असतात. या फरकातच रेखांश दडलेला आहे. घड्याळ एक मिनिट चुकले, तर आपल्या अक्षांशावर जागा सुमारे सव्वीस किलोमीटरने चुकते. म्हणून १७५९ साली जॉन हॅरिसन या इंग्रज कारागिराने समुद्रावर टिकणारे घड्याळ तयार केले, तेव्हा दर्यावर्दी जगाचे रूपच पालटले.

आजची जीपीएस यंत्रणा म्हणजे त्याच घड्याळाची पुढची पिढी. उपग्रहांत अणुघड्याळे असतात. त्यांचे संदेश आपल्यापर्यंत यायला किती वेळ लागला, यावरून अंतर आणि अंतरांवरून जागा निघते. १९९५ साली ही अमेरिकी यंत्रणा पूर्णपणे कार्यान्वित झाली. पण सामान्यांना मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम खोट ठेवलेली होती. तेव्हा जागा शंभर मीटरपर्यंत चुकू शके. खुल्या समुद्रात हे चालून जाते. सांगलीच्या कृष्णेत मात्र एवढ्या चुकीने नदीच्या मधोमध असलेली होडी पडद्यावर काठावरच्या घाटावर चढलेली दिसेल! मे २००० मध्ये ही खोट काढून टाकली आणि साध्या माणसाच्या हातातले यंत्रही दहा-वीस मीटरपर्यंत खरे बोलू लागले.

इथेच संगणक होडीत आला. जीपीएसचा ग्राहक संगणकाला जोडायचा, संगणकात समुद्राचा नकाशा भरायचा, की पडद्यावर आपली होडी नकाशावरून सरकताना दिसते. आलेली वाट रेषेच्या रूपाने साठत जाते. जायच्या वाटेवर खुणा करता येतात. खडकाजवळ गेल्यास इशाऱ्याची घंटी वाजते. पुढे ओपनसीपीएनसारखी मोफत मिळणारी संगणक-प्रणालीही आली. मोठ्या जहाजांवर तर २०१२ ते २०१८ या काळात असे इलेक्ट्रॉनिक नकाशे टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. भारतीय समुद्राचे असे नकाशे डेहराडूनचे राष्ट्रीय जलालेखन कार्यालय तयार करते.

पण शिवसागराचे काय? बामणोलीहून वासोट्याकडे लाँच निघते, तापोळ्याला तराफ्यावरून गाड्या पलीकडे जातात. या पाण्याखाली गावे आहेत, शेते आहेत, जुन्या वाटा आहेत. समुद्रासारखा खोलीचा नकाशा इथे आपल्या हाती नसतो. मात्र गंमत अशी, की या जलाशयाचा तळ एके काळी जमीन होता, आणि त्या जमिनीवर उंचीच्या रेषा आखता येत होत्या. कोयना धरणाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ६५९ मीटर. म्हणजे ६४० मीटरच्या रेषेवर जी जागा होती, तिथे भरल्या धरणात १९ मीटर पाणी. पातळी ६४५ वर उतरली की तिथेच उरते पाच मीटर. साधी वजाबाकी! जमिनीचा नकाशा असा पाण्याचा होतो.

यात एक मेख आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्टने १८३० साली मांडलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेले आहेत आणि जीपीएसचा हिशेब वेगळ्या आकारावर चालतो. हा फरक न सांगता जुना नकाशा संगणकात भरला, तर होडी साधारण शंभर मीटरने भलतीकडे दिसते. पडदा झकपक असतो, म्हणून तो खराच वाटतो. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नागरिकांसाठीचे नवे नकाशे जीपीएसशी जुळणारे निघू लागले. शिवाय गाळ आणि पाण्याखालचे झाडांचे बुंधे कोणत्याच जुन्या नकाशात नसतात.

आता पुराकडे वळू. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी गाठली. इशारा पातळी चाळीस, धोक्याची पंचेचाळीस. बचावाच्या बोटी बाहेरून आल्या. चालवणारे तरबेज होते, पण उसाचा फड कुठे, विहीर कुठे, विजेची तार कुठे वाकली आहे, हे गावच्या माणसालाच ठाऊक. हे ज्ञान एका माणसाच्या डोक्यात असते आणि पुराच्या रात्री तोच माणूस कुठे अडकलेला असेल, सांगता येत नाही.

म्हणून हे काम उन्हाळ्यात करायचे. पाटबंधारे विभागाच्या निळ्या आणि लाल पूररेषा हाती घ्याव्यात. गावच्या जाणत्याला बरोबर घेऊन, मोबाइलमधले जीपीएस चालू ठेवून शिवार पायी फिरावे. विहिरी, खांब, बांध, ओढ्यावरचे पूल आणि उंचवटे नोंदवावेत. नकाशा आधीच उतरवून ठेवला, तर मोबाइलचे मनोरे बंद पडले तरी बिघडत नाही. उपग्रहांचा संदेश त्या मनोऱ्यांवर अवलंबून नसतो. बॅटरी तेवढी भरलेली हवी.

तरीही यंत्राची मर्यादा ओळखली पाहिजे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे बोट उलटली आणि गावावर आकाश कोसळले. त्या बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसली होती. संगणकाचा नकाशा वाट दाखवील, खोली सांगेल, अंधारात परत आणील. बोटीत किती माणसे घ्यायची आणि पहिली बोट किती वाजता सोडायची, हे त्याला विचारता येत नाही. ते पाणी चढण्याआधीच गावाने बसून ठरवायचे असते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)